आडनाव बघून वाचणं थांबवा : मराठवाड्यातल्या लिहित्या-वाचत्या मंडळींना खुलं पत्र

मराठवाड्यात राहून फेसबुकवर, व्हॉट्सॲपवर रोज काही लिहिणाऱ्या आणि त्याहून कितीतरी जास्त वाचणाऱ्या सगळ्यांना,

सप्रेम नमस्कार.

मांजरेच्या खोऱ्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. कोण काय वाचतं आणि कोण काय वाचायचं सोडून देतं, याकडे माझं लक्ष कामामुळेच जातं. गेल्या काही वर्षांत आपल्या आठही जिल्ह्यांत वाचायचं सोडून देण्याची एक नवी तऱ्हा रुजली आहे. तिच्याबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे.

"आजपासून यादी साफ करतोय. आमच्या समाजाचं दुखणं ज्यांना कळत नाही त्यांनी स्वतःहून निघून जावं, नाहीतर मी काढीन." असा मजकूर तुम्ही वाचला असेल. काहींनी लिहिलाही असेल. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये आंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला त्यानंतर हे लिहिलं गेलं. त्याच वर्षी ऑक्टोबर संपता संपता बीड आणि माजलगावात जाळपोळ झाली, तेव्हा पुन्हा. २०२४ च्या लोकसभा निकालानंतर पुन्हा, आणि त्या डिसेंबरात बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाल्यावर परत एकदा. दोन्हीकडून, तिन्हीकडून लिहिलं गेलं. लिहिणारे अडाणी नव्हते. शिक्षक, प्राध्यापक, वकील, कवी, पत्रकार, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी पोरं, अशी सगळी वाचणारीच माणसं होती ही. आणि म्हटल्याप्रमाणे त्यांनी केलंही. शेकडो माणसं एका संध्याकाळीत फेसबुकच्या मित्रयादीतून गेली. ती कोण होती हे बघायला कुणाची जुनी पोस्ट उघडायची गरजच पडली नाही. आडनाव पुरलं.

आधीच सांगते, मी यादी करण्याच्या विरोधात नाही. फेसबुक एका खात्याला ५,००० मित्र घेऊ देतं. त्यातल्या निम्म्यांनी रोज एकेक ओळ लिहिली तरी ते सगळं वाचून होणार नाही. म्हणजे निवड ही होणारच. प्रश्न एवढाच उरतो की ती कोण करतं. आपण केली नाही तर यंत्र करतं. २०१८ च्या जानेवारीत फेसबुकनं जाहीर केलं की यापुढे मित्र आणि घरच्यांच्या पोस्टना, ज्यांवर लोक एकमेकांशी बोलतात अशा पोस्टना वर आणलं जाईल. ऐकायला किती चांगलं वाटतं! पण लोक सगळ्यांत जास्त बोलतात ते चिडल्यावर. कंपनीच्या आतल्या लोकांनीच तसा इशारा दिला होता, हे २०२१ मध्ये बाहेर आलेल्या तिच्या कागदपत्रांवरून जगाला कळलं. तुमचा जुना वर्गमित्र सोयाबीनवरच्या पिवळ्या मोझॅक रोगाबद्दल चार कामाच्या ओळी लिहितो, त्या खाली जातात. तोच एखाद्या रात्री कुण्या समाजाबद्दल वेडंवाकडं बोलतो, खाली भांडण पेटतं आणि ते तुमच्यासमोर सकाळी पहिलं येतं. मग तुमचं मत होतं की हा माणूस असाच आहे. तो तसा फक्त त्या एका रात्री होता.

तेव्हा यंत्राच्या हाती वाचन सोपवण्यापेक्षा आपली यादी आपण करावी हे केव्हाही बरं. माझं भांडण आहे ते एकाच यादीकडून दोन कामं करून घेण्याशी.

हे कोडं आपल्यापुरतं नाही आणि नवंही नाही. १९९९ साली अमेरिकेत ब्रॅड फिट्झपॅट्रिक नावाच्या तरुणानं लाइव्हजर्नल ही ऑनलाइन डायरीची जागा सुरू केली. मित्रांची यादी ही गोष्ट तिथं फेसबुकच्या बरीच आधी होती. तुम्ही कुणाला यादीत घेतलं की दोन गोष्टी एकदम व्हायच्या. त्याचं लिखाण तुमच्या वाचनाच्या पानावर यायला लागायचं, आणि तुमचं कुलूपबंद लिखाण त्याला दिसायला लागायचं. वाचायचं कुणाला आणि विश्वास कुणावर ठेवायचा, दोन्हींचा निकाल एकाच टिचकीत. व्हायचं ते झालं. कुणाचं लिखाण फार होतंय म्हणून त्याला यादीतून काढलं की त्याला वाटायचं आपल्यावरचा विश्वास उडाला. रुसवेफुगवे, जाहीर हिशेब, "मला का काढलं" अशी लांबलचक पत्रं. यावर तोड म्हणून तिथल्या शहाण्या लोकांनी यादीच्या आत छोटे गट केले. मैत्री सगळ्यांशी ठेवायची, पण रोजचं वाचन एका गटापुरतं ठेवायचं, आणि कुणाचं मन दुखवायचं नाही. पुढे २००९ मध्ये ड्रीमविड्थ नावाची जागा निघाली. तिनं ही गाठ मुळातच सोडवली. कुणाचं वाचायचं ती नोंद वेगळी, आपलं खासगी लिखाण कुणाला दाखवायचं ती वेगळी. २०११ साली गूगल प्लसनं माणसांची वर्तुळं करायची सोय आणली होती. ती जागा २०१९ मध्ये सामान्य वापरासाठी बंद झाली. पण विचार बरोबर होता.

आमच्या वाचनालयात सभासदांची नोंदवही वेगळी असते आणि पुस्तकांच्या देवघेवीची वेगळी असते. सभासद कोण आहे यावरून तो काय वाचणार हे ठरत नाही, आणि त्यानं काय वाचलं यावरून त्याचं सभासदत्व जात नाही. ग्रंथालयाच्या कामात हे इतकं साधं आहे की कुणी बोलूनही दाखवत नाही. फोनवर मात्र आपण दोन्ही वह्या एकत्र शिवून टाकल्या आहेत.

फेसबुकवरही ही गाठ सोडवायची सोय आहे, फक्त ती कुणी वापरत नाही. मैत्री तशीच ठेवून एखाद्याला अनफॉलो करता येतं. त्याचं लिखाण समोर येत नाही, त्याला तसं कळवलंही जात नाही, आणि त्याच्या घरी लग्न निघालं की तो तुम्हाला पत्रिका पाठवू शकतो. नुसता राग आला असेल तर ३० दिवसांपुरतं त्याचं लिखाण लपवणारा स्नूझ आहे. राग बहुतेक वेळा त्याआधीच ओसरतो. उलट बाजूनं, ज्यांचं चुकू नये असं वाटतं अशा ३० जणांना फेव्हरिट्समध्ये ठेवता येतं. २०२२ पासून मेनूत फीड्स म्हणून एक कप्पा आहे. त्यात यंत्राच्या मर्जीप्रमाणे वर-खाली न होता, जे शेवटी लिहिलं ते आधी असं दिसतं. मैत्री न करताही एखाद्याचं जाहीर लिखाण फॉलो करता येतं. एवढं सगळं हाताशी असताना आपण काय वापरतो? अनफ्रेंड आणि ब्लॉक. तेही चारचौघांत सांगून.

सांगून करण्यातच सगळं आहे. कुणाचं वाचायचं नाही हे ठरवायला जाहीरनामा लागत नाही. जाहीरनामा लागतो तो वाळीत टाकायला. त्या लोकसभा निकालानंतर आपल्याकडच्या काही गावांत अमुक समाजाच्या दुकानात जायचं नाही, त्यांचा चहा प्यायचा नाही, अशा शपथा घेतल्याच्या बातम्या आल्या होत्या. वाचून आपल्यातल्या बहुतेकांना लाज वाटली. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रानं २०१६ साली खास कायदा केला आहे. अनफ्रेंड करणं हा गुन्हा नाही आणि तो असूही नये. पण आडनावाची चाळण लावून शेकडो माणसं काढायची आणि ते गाजावाजा करून सांगायचं, यातली मनाची घडण त्या शपथांहून वेगळी नाही, एवढं तरी आपण कबूल करावं.

बरं, ती चाळण तरी धड आहे का? मराठवाड्यात जाधव मराठा आहेत, बंजारा आहेत, बौद्धही आहेत. पवार आणि चव्हाण गावातही सापडतात आणि तांड्यावरही. गायकवाड म्हटलं की कोणता समाज, हे नुसत्या नावावरून छातीठोक सांगणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. गावावरून पडलेली 'कर' आडनावं तर सगळ्या आळ्यांत आहेत. म्हणजे ज्यांना वगळायचं म्हणून वगळलं त्यांच्यात तुमच्या बाजूनं बोलणारेही गेले, आणि ठेवले त्यांच्यात काय काय राहिलं ते तुम्हालाच माहीत नाही. आणि शेख, सय्यद, पठाण ही आडनावं? ती तर या सगळ्याच्या कितीतरी आधी गपचूप गाळली गेली होती. त्यांतली कितीतरी माणसं उत्तम मराठी लिहितात. त्यांच्या लिखाणात आपल्या भागातली दखनी बोली डोकावते, ती इतर कुठे वाचायला मिळत नाही. त्यांचं लिखाण यादीत नाही म्हणून कुणाला काही चुकल्यासारखंही वाटलं नाही. मला हे फार लागतं.

२०२५ मध्ये बीड जिल्ह्याच्या पोलीस दलानं एक गोष्ट केली. पोलिसांच्या छातीवरच्या पाटीवरून आडनाव काढलं आणि नुसतं नाव ठेवलं. एकमेकांना हाक मारतानाही नावानंच मारायची. पाटी बदलून जात जात नाही, हे मलाही कळतं. पण समोरच्याचं म्हणणं ऐकण्याआधी आडनाव वाचलं जातं, आणि मग ऐकलंच जात नाही, हे तिथं निदान मान्य केलं गेलं. पोलीस ठाण्यात जे कळलं ते आपल्याला, कविता लिहिणाऱ्यांना आणि पुस्तकांवर बोलणाऱ्यांना, कळायला काय हरकत आहे? फेसबुकवर आडनाव झाकता येत नाही. पण आपली नजर त्याच्यापुढे नेता येते.

आमच्या वाचनालयात वर्तमानपत्रांच्या टेबलावर दोन ज्येष्ठ वाचक रोज समोरासमोर बसतात. एक निवृत्त शिक्षक, आमचे गुरुजी, दुसरे तहसीलमधून निवृत्त झालेले अण्णा. वर्षानुवर्षं एकाच अंकाची पानं वाटून घेऊन वाचायचे. संपादकीय आधी कुणी घ्यायचं यावर लटकं भांडण व्हायचं. अजूनही बसतात, अजूनही पानं वाटून घेतात. पण फेसबुकवर दोघांनी एकमेकांना काढलंय. एकदा गुरुजींनी दुष्काळी अनुदानाच्या याद्यांबद्दल खूप नेमकं लिहिलं होतं. तहसीलमध्ये हयात गेलेल्या माणसानं त्यात भर घालावी असंच ते होतं. मी अण्णांना विचारलं, "वाचलं का?" ते म्हणाले, "ताई, त्यांचं मी काही बघत नाही आता." गुरुजी दोन हातांवर बसले होते. त्यांनी पान उलटलं. विषय दोघांच्याही जिव्हाळ्याचा होता. एकाकडे शेतकऱ्यांच्या तक्रारी होत्या आणि दुसऱ्याकडे त्या कोणत्या टेबलावर अडतात याची माहिती होती. दोन्ही एकत्र आली असती तर तालुक्यातल्या लोकांच्या उपयोगी पडली असती.

यादी आडनावानं कापल्यावर आपण गमावतो ते हे. विचारवंत म्हणतात तसं 'विरोधी मत' गमावतो हे खरंच आहे, पण मला त्याहून मोठं नुकसान माहितीचं वाटतं. २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टी झाली. सिना, मांजरा, गोदावरीकाठच्या जमिनी माती-दगडापर्यंत खरवडून गेल्या. त्या रात्रींत कोणता पूल पाण्याखाली गेलाय, कोणत्या वस्तीत माणसं छपरावर बसलीत, हे आधी कळलं ते काठावरच्या माणसांच्या फोनवरून. नदीच्या काठाला सगळ्या जातींची माणसं राहतात, आणि अगदी पाण्याला लागून कुणाची घरं असतात हे मी सांगायला नको. ज्यांच्या यादीत त्या घरांतलं कुणीच उरलं नव्हतं त्यांना त्या रात्री काहीच कळलं नाही.

दसरा-दिवाळी उलटली की आपल्या बीड, जालना, परभणी, धाराशिवच्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी लेकरांसकट कोल्हापूर, सांगलीकडे, कर्नाटकात जातात. आता त्या टोळ्यांतल्या तरुण पोरापोरींकडे फोन आहेत, आणि ती फडावरून लिहितात. पहाटे गाडी भरल्याचं, तोडकऱ्यांच्या लेकरांसाठी साखरशाळा नसल्याचं, कोपीत, म्हणजे राहायच्या झोपडीत, पाणी शिरल्याचं. लिखाण मोडकंतोडकं असेल, पण आपल्या समाजाबद्दल यापेक्षा खरं दुसरं काही सध्या लिहिलं जात नाही असं माझं ठाम मत आहे. आणि ते वाचतं कोण? बहुतेक त्यांच्याच समाजातले. बाकीचे त्यांच्यावर निवडणुकीपुरता राग धरून बसलेत.

अफवेचंही तसंच. दुसऱ्या राज्यातला जुना व्हिडिओ आपल्या शेजारच्या तालुक्याच्या नावानं फिरतो. यादीत त्या तालुक्यातलं, त्या आळीतलं एक जरी माणूस असेल तर ते लिहितं, "मी इथंच राहतो, असं काही घडलेलं नाही." तेवढ्यानं शंभर माणसं शांत होतात. असं म्हणू शकणारी माणसं आपण आपल्या हातानं घालवली आहेत, आणि नंतर म्हणतो की वातावरण बिघडलं.

यंत्राला दोष देणं सोपं आहे, आणि तो त्याचा आहेही. पण २०१५ साली सायन्स या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. एक कोटीहून जास्त अमेरिकन खात्यांचा विचार त्यात केला होता. करणारे फेसबुकचेच संशोधक होते, तेव्हा तेवढं लक्षात घेऊनच तो वाचावा. त्यांना दिसलं की विरुद्ध मताच्या बातम्या माणसापर्यंत कमी पोहोचतात याचं मोठं कारण त्याचे मित्र कोण आहेत आणि तो कशावर टिचकी मारतो हे आहे. यंत्राच्या क्रमवारीचा वाटा त्याहून लहान. हा निष्कर्ष कंपनीला सोयीचा आहे हे उघड आहे. तरीही आपल्या भागात जे चाललंय ते बघता मला तो पटतो. यंत्रानं आपल्या पोरांना आडनावं वाचायला शिकवली नाहीत. ती आपण शिकवली.

आता एक गोष्ट मी फार जपून बोलते. वाचण्याचं ओझं सगळ्यांवर सारखं नाही. ज्याच्या जातीला, धर्माला रोज शिवी पडते त्यानं शिवी देणाऱ्याला आपल्या यादीत ठेवून सहन करत बसावं, असं मी कधीही म्हणणार नाही. १९७८ च्या जुलैत मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा, नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यातल्या दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जळाली. १९९४ च्या १४ जानेवारीला नामविस्तार होईपर्यंत साडेपंधरा वर्षं गेली. त्या वर्षांच्या आठवणी घरात असलेल्या मुलानं तसलीच भाषा वापरणाऱ्याला ब्लॉक केलं तर ते त्याच्या हक्काचं आहे. त्याला "सगळ्यांचं ऐकून घ्यावं" असा उपदेश करायचा अधिकार कुणालाही नाही.

बायकांचंही तेच. आमच्याकडे येणाऱ्या कॉलेजच्या मुली सांगतात की एक कविता टाकली की रात्री अकराला अनोळखी पुरुषाचा "हाय" येतो, आणि उत्तर दिलं नाही की शिव्या. २०२० पासून आपल्या देशात प्रोफाइल लॉक करायची सोय आहे. त्या ती वापरतात, आणि बरोबर करतात. पण गावातला कुणी काका, सर, दादा भेटला की विचारतो, "माझी रिक्वेस्ट का घेतली नाही गं?" पुरुष मंडळींनो, हे विचारणं बंद करा. बाईच्या यादीत जागा मिळणं हा कुणाचा मान नाही आणि न मिळणं हा अपमान नाही. तिचं जाहीर लिखाण आवडत असेल तर फॉलो करा, वाचा, पुरे. लिखाण वाचायला तिच्या घरच्या फोटोंपर्यंत पोहोचायची गरज नाही.

म्हणजे ब्लॉक आहे तो शिवी, धमकी, छळ यांच्यासाठी. तिथं तो बिनदिक्कत वापरावा. मत पटत नाही त्यासाठी अनफॉलो आहे. तात्पुरत्या संतापासाठी स्नूझ. आणि आडनावासाठी यांतलं काहीच नाही.

माझ्या वाचनाच्या यादीत कोण आहे ते सांगते, कारण नुसतं बोलून भागत नाही. जालन्याकडचा एक मोसंबीवाला आहे. फळगळीवर तो लिहितो तसं मी कुठल्या कृषी अंकात वाचलेलं नाही. त्याचं राजकारण मला मुळीच पटत नाही, आणि निवडणुकीच्या महिन्यात मी त्याला स्नूझ करते. नांदेडच्या सरकारी दवाखान्यात काम करणाऱ्या एक परिचारिका आहेत. परभणीच्या उर्दू शाळेतले एक मराठीचे शिक्षक आहेत. वसमतच्या हळदीच्या बाजारावर रोज दोन ओळी टाकणारा एक हमाल आहे. ऊसतोडीला जाणारी एक मुलगी आहे, बारावी झालेली. यातल्या बहुतेकांशी माझी मैत्री नाही, फक्त वाचन आहे. मैत्रीच्या यादीत माझी बहीण, माझ्या वर्गमैत्रिणी, माहेरच्या गल्लीतली माणसं आहेत. त्यांतल्या निम्म्या जणांचं मी काही वाचत नाही आणि त्यांचं-माझं काही बिघडलेलं नाही.

अशी यादी विषयानं बांधावी असं मला वाटतं. पाणी, शेती, शाळा, दवाखाना, एसटी, पुस्तकं. विषय घेतला की माणसं आपोआप सगळ्या आळ्यांतली येतात, कारण टँकरची वाट सगळ्याच आळ्या बघतात.

हे मराठवाड्याला जमणार नाही असं कुणी म्हणू नये. २०२२ च्या एप्रिलमध्ये उदगीरला ९५ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, आणि त्याच दिवसांत त्याच गावात विद्रोही साहित्य संमेलनही. दोन मांडव, दोन भूमिका, व्यासपीठांवरून एकमेकांवर टीका. पण सकाळी इकडे आणि दुपारी तिकडे जाऊन दोन्हीकडची पुस्तकं पिशवीत घालून आलेले वाचक मला माहीत आहेत. त्यांना कुणी विचारलं नाही की तुम्ही कोणत्या बाजूचे. वाचक म्हणून ते दोन्हीकडचे होते, आणि त्यांची मतं त्यांच्यापाशी शाबूत होती. आणखी मागे जायचं तर निझामाच्या राजवटीत गश्ती निशाण ५३ च्या हुकमामुळे साधी सभा घ्यायलाही परवानगी काढावी लागायची. त्या काळात आपल्याकडची वाचनालयं ही माणसांनी एकत्र येऊन वाचायची, बोलायची जागा होती. तेव्हा बाहेरच्या सत्तेनं तोंडं बंद केली होती. आज तसं कुणी सांगितलेलं नसताना आपण एकमेकांचं वाचणं बंद करतो आहोत.

शेवटचं बोलायचं आहे ते गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपांच्या ॲडमिन मंडळींशी. फेसबुकची यादी ज्याची त्यानं बघावी, पण तुमची यादी अनेकांसाठी असते. एका ग्रुपात १,०२४ माणसं बसतात. आपल्याकडच्या बऱ्याच गावांत सगळी उंबऱ्याला एक अशी धरली तरी मावतात. तरीही गावाच्या नावानं चालणाऱ्या कितीतरी ग्रुपांत वस्तीतलं, तांड्यावरचं, मोहल्ल्यातलं एकही माणूस नसतं. आधी होती ती भांडणानंतर काढली, काही रागानं निघून गेली, आणि त्यांना परत घ्यायचं कुणाच्या मनात आलं नाही. समाजाचा ग्रुप करायचा तर समाजाच्या नावानं करा, त्यात वावगं काही नाही. पण गावाचं नाव लावलं, वेशीचा किंवा ग्रामदैवताचा फोटो लावला, तर तो ग्रुप गावाचा आहे. त्यावर टँकरची वेळ पडते, रेशन आल्याचं कळतं, ग्रामसभेची नोटीस येते, पीकविम्याची शेवटची तारीख येते. ज्याला ग्रुपमधून काढलं त्याची ही सगळी माहिती तुम्ही काढून घेता.

तेव्हा या आठवड्यात एवढं करा. ग्रुपची यादी उघडा आणि गावातली कोणती आळी तिच्यात नाही ते बघा. त्या आळीतली माणसं परत घ्या, आणि त्यांत बायका असू द्या. भांडणं होतात म्हणून माणसं काढण्यापेक्षा नोटिसांचा ग्रुप वेगळा करा, त्यावर फक्त ॲडमिननं लिहायचं अशी सेटिंग ठेवा, आणि ॲडमिन एकाच भावकीतले नसतील एवढं बघा. गप्पांचा ग्रुप दुसरा असू द्या. त्यातून ज्याला निघायचं तो निघेल, तरी त्याला टँकर कधी येणार ते कळत राहील. ज्यांना या सेटिंग जमत नाहीत त्यांनी जवळच्या वाचनालयात जाऊन विचारावं. आमच्याकडे आलात तर मी स्वतः फोन हातात घेऊन करून देईन, वाचनालयाचं सभासदत्व असो वा नसो.

आपली,
एका तालुका वाचनालयाची ग्रंथपाल